कोल्हापुरात इंडस्ट्रियल इंजिनिअर होताना: गेटवरच्या वहीपासून कायम होईपर्यंत

प्रॉडक्शन इंजिनिअरिंग करून कोल्हापुरात राहता येतं का, की सरळ पुण्याची गाडी पकडायची? मागच्या बॅचच्या पोरापोरींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. मला जून २०२२ मध्ये पदवी मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायम झाल्याचं पत्र. मधल्या काळात काय काय झालं ते क्रमाने लिहिते. पैसे, कागदपत्रं, ताटकळणं सगळं घालते, कारण मी शोधत होते तेव्हा नेमकं तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

शेवटच्या वर्षाला कॅम्पसला आलेल्या कंपन्या बहुतेक आयटीच्या. वर्गातली बरीच मंडळी तिकडे गेली आणि त्यांचं बरं चाललंय. मला मात्र 'वर्क स्टडी' हा विषय मनापासून आवडला होता. काम कसं होतं ते बघायचं, मोजायचं, आणि करणाऱ्याला सोपं जाईल असं मांडायचं. वडिलांची सगळी नोकरी उद्यमनगरात लेथवर गेली. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे घड्याळ घिऊन मागं उभा राहतो त्यो साहेब व्हय? मग जरा लांबनं उभी राहा, चिपा उडत्यात."

जुलैमध्ये शोधाला लागले. नोकरीच्या साइटवर 'इंडस्ट्रियल इंजिनिअर' आणि 'कोल्हापूर' टाकलं की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाहिराती दिसायच्या, त्यातही कपड्यांच्या कारखान्यांच्या जास्त. गारमेंटमध्ये या नावाचा स्वतंत्र विभागच असतो. शर्टाची कॉलर बसवायला, बटण लावायला किती मिनिटं लागावीत याचा हिशोब, ज्याला ते 'सॅम' म्हणतात, त्यावरच परदेशी ग्राहकाला भाव दिला जातो. आपल्याकडच्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये हेच काम चार खुर्च्यांवर वाटलेलं असतं. थोडं पीपीसीकडे (उत्पादनाचं नियोजन), थोडं प्रोसेस किंवा मेथड्सकडे, थोडं कॉस्टिंगकडे, आणि हल्ली टीपीएम (मशीनची देखभाल) किंवा लीन (वाया जाणारं कमी करणं) को-ऑर्डिनेटरकडे. लहान युनिटमध्ये तर मालक स्वतःच ते डोक्यात करतो. हे कळल्यावर मी या सगळ्या नावांनी शोधायला लागले आणि यादी एकदम वाढली.

अर्ज ऑनलाइन टाकून गप्प बसलात तर कोल्हापुरात फारसं काही होत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, तिन्हीकडे फाइल घेऊन फिरले. केएमटी, वडाप, झेरॉक्स, चहा धरून महिन्याला हजार-बाराशे रुपये जायचे. अनुभवाने कळलेल्या गोष्टी अशा: शिफ्ट सुटायच्या-लागायच्या वेळी गेटवर जाऊ नका, सिक्युरिटीवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. साडेदहा ते साडेअकरा ही वेळ बरी. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, तेव्हा निघायच्या आधी विचारून घ्या. रिझ्युमे पाकिटात घालून वर पदाचं नाव लिहा, नुसता कागद दिला तर तो गेटवरच्या वहीत दबून राहतो. आणि सिक्युरिटीच्या काकांशी नीट बोला. एका ठिकाणी एचआरचे साहेब कधी भेटतील हे मला एचआरच्या ऑफिसने सांगितलं नव्हतं, काकांनी सांगितलं.

मुलाखतीत पाठांतराचे प्रश्न कमी. सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं ते सायकल टाइम आणि टॅक्ट टाइममधलं अंतर. व्याख्या सांगितली की समोरचा जांभई देतो, आकडे मांडले की ऐकतो. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं, जेवणाची ३० आणि चहाची २० गेली, राहिली ४३०. ग्राहकाला शिफ्टला ८६ नग हवेत, म्हणजे दर ५ मिनिटांनी एक नग बाहेर पडला पाहिजे. हा झाला टॅक्ट. तुमचं मशीन एका नगाला ६ मिनिटं घेतं, तो सायकल टाइम. आता दुसरं मशीन, ओव्हरटाइम की पद्धतीत बदल, यावर बोला. मुलाखत इथून पुढे खरी सुरू होते. मुलगी म्हणून आणखी एक प्रश्न ठरलेला: "शिफ्टला चालेल का?" मी उलट विचारायचे, दुसऱ्या शिफ्टनंतर गाडी आहे का. रात्रपाळीत बायकांना घ्यायचं तर वाहतूक, सुरक्षितता अशा अटी पाळाव्या लागतात, म्हणून बऱ्याच कंपन्या तो विषयच टाळतात. हे आधी स्पष्ट झालेलं बरं.

ऑगस्टअखेरपर्यंत दोन-तीन ठिकाणांहून एकच उत्तर आलं: "थेट घेता येणार नाही, अप्रेंटिस म्हणून या." म्हणजे केंद्र सरकारची नॅट्स योजना, अप्रेंटिस कायदा १९६१ खाली. करार एक वर्षाचा. तेव्हा पदवीधराला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये महिना विद्यावेतन होतं, त्या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकारचा. मला कारखान्याने ११,००० देऊ केले. पीएफ, ईएसआय यातलं काही नाही, कारण या कायद्याखालचा अप्रेंटिस त्या दोन्ही कायद्यांच्या दृष्टीने कर्मचारी नसतो. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही नाही. घरी थोडी कुरकुर झाली. आयटीतल्या मैत्रिणींचे आकडे सगळ्यांना पाठ होते. तरी मी हो म्हटलं, कारण हातात स्टॉपवॉच मिळण्याचा तोच एक रस्ता दिसत होता.

नोंदणीत माझे तीन आठवडे गेले. मार्कलिस्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. माझ्या आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ते दुरुस्त व्हायची वाट बघावी लागली. मोबाइल आधारला जोडलेला हवा, बँक खातंही. पदवी प्रमाणपत्र हातात नसेल तर प्रोव्हिजनल चालतं. तुम्ही पोर्टलवर नोंदवलं तरी कंपनीने तिच्या बाजूने करार तयार करून पाठवल्याशिवाय तुम्ही अप्रेंटिस होत नाही. आधी रुजू व्हा, करार नंतर बघू, असं कुणी म्हटलं तर थांबा. कराराच्या तारखेपासूनच तुमचं वर्ष मोजलं जातं, आणि शेवटचं प्रमाणपत्रही त्यावरच मिळतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात रुजू झाले. स्वतःची फाउंड्री आणि पुढे मशीनशॉप. ट्रॅक्टर आणि गाड्यांची कास्टिंग मशीनिंग करून जायची. पहिले दोन महिने मी फक्त एक्सेल भरलं. शिफ्टचं प्रॉडक्शन, ब्रेकडाउन, रिजेक्शन, आणि त्यावरून ओईई, म्हणजे वेळ, गती आणि दर्जा धरून मशीनचा खरा उपयोग किती टक्के झाला तो आकडा. कंटाळवाणं वाटलं तरी हे काम टाळू नका, कारण आकड्यांत कुठे फुगवटा आहे ते इथेच दिसतं. एका मशीनचा ओईई सतत नव्वदच्या वर दिसायचा. मशीन तर बराच वेळ उभं असलेलं मी बघत होते. शीट उघडून पाहिलं, तर गणितात धरलेला सायकल टाइम भरपूर सैल होता. मी एका शिफ्टचं पुन्हा मांडलं: ४३० मिनिटांपैकी सेटिंग आणि ब्रेकडाउनची ६० गेली, मशीन मिळालं ३७० मिनिटं, म्हणजे ८६ टक्के. नग निघाले ७०, खरा सायकल टाइम साडेचार मिनिटं, म्हणजे ३१५ मिनिटांचं काम, ८५ टक्के. दोन नग रिजेक्ट, दर्जा ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७१. प्रॉडक्शनच्या साहेबांनी शीट शांतपणे बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण हे कस्टमरच्या ऑडिटला दाखवू नका." मग मला टाइम स्टडीवर घेतलं.

मिनिटाचे शंभर भाग दाखवणारं स्टॉपवॉच साडेसहाशेला मिळालं, क्लिपबोर्ड घरातला. मोबाइलवर वेळ घ्यायचा विचार सोडून द्या. बऱ्याच ठिकाणी शॉपफ्लोअरवर मोबाइलला बंदी असते, आणि माणसाला आपलं शूटिंग चाललंय असं वाटतं ते वेगळंच.

पहिला अभ्यास एका सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर. ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. काम असं: दार उघडा, तयार जॉब उतरवा, एअर गन मारून फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) साफ करा, कच्चा जॉब चढवा, क्लॅम्प करा, दार लावा, सायकल स्टार्ट. मशीन आपलं काम करतं, तोवर आधीच्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, काढायची आणि भोकाचं माप प्लग गेज घालून बघायचं. मी मागे उभी राहिले आणि मामांनी एअर गन मारायला सुरुवात केली. मारतायत, मारतायत. फिक्श्चर चकचकीत झालं, क्लॅम्पचे नट झाले, दाराची काच झाली. मशीनकडे न बघता ते मला म्हणाले, "मॅडम, गेल्या खेपेला असंच एक साहेब आलं. आठ दिस घड्याळ लावलं. मग ऐंशीचं टार्गेट शंभर झालं आन् आमचा इन्सेंटिव्ह गेला. तुमी लिवा काय लिवायचं ते. आमी बी साफसफाई करतो."

पुस्तकात यावर उपाय म्हणून रेटिंग असतं. माणूस नेहमीच्या गतीने काम करतोय की हळू, हे नजरेने ठरवायचं आणि शंभरच्या प्रमाणात लिहायचं. हाताच्या कामाला मोजून १.२० मिनिट लागलं, गती ११० वाटली, तर सामान्य वेळ १.३२. त्यावर थकवा, पाणी-लघवी, गरमी यांची सूट १५ टक्के धरली की प्रमाणवेळ झाली १.५२ मिनिट. मशीनच्या वेळेला रेटिंग लावत नाहीत, मशीन काही घाबरून हळू चालत नाही. गणित सोपं आहे. पण मामांना मी कितीचं रेटिंग देणार होते? ते साठच्या गतीने काम करत होते, आणि तसं करायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं.

इथे मी अडकले, आणि माझ्या मते या पेशात येणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. वाचलेली मिनिटं कुणाची, हे ठरल्याशिवाय मोजणी खरी येत नाही. ज्याच्या मागे आपण उभे राहतो त्याला त्याचं उत्तर माहीत असतं, आपल्याला नसतं.

एचआरमधल्या एका जुन्या बाईंनी मला युनियनबरोबरचा करार वाचायला दिला. तीन वर्षांचा करार, मागे परिशिष्टात मशीनवार नॉर्म्स, म्हणजे शिफ्टला किती नग निघायला हवेत ते, आणि त्यावरचा इन्सेंटिव्हचा तक्ता. कॉलेजमध्ये हे कुणी दाखवलं नव्हतं. प्रमाणवेळ म्हणजे इंजिनिअरने काढलेला आकडा असं मी समजत होते, इथे तो सह्या झालेल्या करारातला आकडा होता. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे पगार, कामाचे तास, माणसांची संख्या अशा अटींमध्ये कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागायची. बाई म्हणाल्या, "तू स्टॉपवॉच चालव, पण आधी हे वाचून मग चालव." नव्या ठिकाणी रुजू झालात की पहिल्या महिन्यात करार मागून घ्या. मागायला लाजू नका.

मग मी एक पानाचा प्रस्ताव लिहिला. पद्धत न बदलता फक्त वेळ मोजून नॉर्म बदलायचा नाही. पद्धत, फिक्श्चर किंवा टूल बदललं तरच नवा नॉर्म, आणि तोही युनियनच्या प्रतिनिधीसमोर मोजून. या अभ्यासामुळे कुणाला कमी केलं जाणार नाही. प्लँट हेडकडे तो कागद डिसेंबरमध्ये दिला आणि सही व्हायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात "साहेब टूरवर आहेत", "ऑडिट होऊ दे", "मार्चएंड बघू" हे सगळं ऐकलं. दर आठवड्याला जाऊन नुसतं तोंड दाखवत राहणं एवढाच उपाय होता. सही झाल्यावर त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागली. मामांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "या उद्या. सकाळच्या चहानंतर या, तवा मशीन गरम असतंय."

त्यानंतरचं काम झपाट्याने झालं. सगळ्यात मोठा वेळ मशीनिंगमध्ये जात नव्हता, सेटिंग बदलताना जात होता. एक जॉब संपून दुसरा लावायला सरासरी ९५ मिनिटं. सेटर टूलरूमपर्यंत चालत जायचा, बोल्ट शोधायचा, गेज दुसऱ्या लाइनवर गेलेलं असायचं. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना आधी उरकता येतील अशी कामं वेगळी काढायची, ही जपानी इंजिनिअर शिंगो यांनी मांडलेली पद्धत. त्यासाठी व्हिडिओ घ्यायचा होता. कॅमेऱ्याच्या परवानगीचा फॉर्म, त्यावर प्रॉडक्शन, क्वालिटी आणि सिक्युरिटीच्या सह्या, कारण जॉब ग्राहकाचा आणि त्याच्या ड्रॉइंगची गुप्तता पाळायची असते. सेटरला आधी व्हिडिओ दाखवला, साहेबांना नंतर. हा क्रम चुकवू नका.

उपाय म्हणजे एक ट्रॉली. ज्या जॉबचं सेटिंग, त्याची टूल्स, बोल्ट, गेज, सगळं आकाराच्या खाचांत लावलेलं, एखादी वस्तू नसली तर रिकामी खाच लांबून दिसावी. खरेदी विभागाला तीन कोटेशन लागतात, म्हणून उद्यमनगरात तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडे कागदावर काढलेलं चित्र घेऊन गेले. एकाने चित्र बघून चाकं बदलायला सांगितली, "ही चाकं शॉपमधल्या चिपात अडकत्यात, मोठी घ्या." त्याचाच भाव ७,४०० आणि त्यालाच काम दिलं. मे महिन्यापर्यंत सेटिंग ५२ मिनिटांवर आलं. नॉर्मला हात लागला नाही, मशीन जास्त वेळ मिळाल्याने नग वाढले आणि इन्सेंटिव्हही थोडा वाढला. पुढच्या मशीनवर मला बोलावणं आलं ते कामगारांकडून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अप्रेंटिसशिप संपली. सगळ्यांना काम आवडलं होतं, पण जागा मंजूर नव्हती. "एप्रिलच्या बजेटमध्ये बघू," असं सांगितलं. निरोपाचा चहा झाला, आणि प्रमाणपत्र पोर्टलवर यायला आणखी महिना लागला. कंपनीने तिची नोंद पूर्ण केल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून शेवटच्या दिवशीच एचआरकडून कधी होणार ते विचारून घ्या.

नोव्हेंबर-डिसेंबर हे सगळ्यात वाईट गेले. बारा महिन्यांचा अनुभव अप्रेंटिसचा म्हणून काही जण तो मोजतच नव्हते. पुण्याच्या एका वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून हातात २५,००० पडतील असं सांगितलं, खोली आणि खानावळ वजा जाता माझ्या हिशोबाने कोल्हापुरातल्या १६ हजारांच्या बरोबरीला यायचे. एका गारमेंट युनिटने सॅम काढायची परीक्षा घेतली, ती बरी गेली, पण मला धातूचं काम सोडायचं नव्हतं. पुढे शिकायचाही विचार केला. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला 'प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग' हा स्वतंत्र पेपर आहे, ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. आणि पवईची नीटी, १९६३ सालची, या विषयाची आपल्याकडची जुनी संस्था, ती ऑगस्ट २०२३ मध्येच आयआयएम मुंबई झाली होती. मैत्रीण म्हणाली, आता तिथली स्पर्धा वेगळी. ते खरं असेलही, पण मी मागे फिरले ते फीच्या आकड्याने.

पुण्याच्या मुलाखतीत 'मोस्ट' विचारलं होतं, ते मला वरवरच येत होतं. म्हणून डिसेंबर त्यात घातला. स्टॉपवॉच न लावता हालचालींवरून वेळ काढायची ही पद्धत. हातभर अंतरावरचं गेज उचलून बाजूला ठेवणं म्हणजे हात नेणं १, पकडणं १, परत नेणं १, ठेवणं १. बेरीज ४, गुणिले १० म्हणजे ४० टीएमयू, एक टीएमयू ०.०३६ सेकंदाचा, म्हणजे दीड सेकंदाच्या जरा आत. मी घरातल्या ओट्यावर आईच्या भाकऱ्या मोजल्या. तव्यापासून परातीपर्यंतच्या पावलांचा आकडा ऐकून तिने मला स्वयंपाकघरातून हाकललं. महागड्या सर्टिफिकेटच्या मागे मात्र लागू नका. सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट हे दर्जा सुधारण्याच्या पद्धतीचं सर्टिफिकेट कोण देतं याला एकच एक अधिकृत संस्था नाही, हजारापासून अर्ध्या लाखापर्यंत फी घेणारे आहेत, आणि मला मुलाखतीत एकदाही कुणी ते उघडून बघितलं नाही. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींचा ऑनलाइन, कोर्स फुकट करता येतो, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचे तेव्हा हजार रुपये होते आणि केंद्रावर जाऊन पेपर. मला तेवढं पुरलं.

जानेवारी २०२४ मध्ये कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून बोलावणं आलं. तिथली मुलाखत आवडली. पाच मिनिटं बोलून त्यांनी मला बूट-गॉगल दिले, एका असेंब्ली लाइनसमोर अर्धा तास उभं केलं आणि म्हणाले, जे दिसतं ते लिहा. मी सगळ्यात आधी रिकामे हात शोधले: कोण वाट बघतंय, कशाची. तिसऱ्या स्टेशनवरचा मुलगा दर नगाला मागे वळून वाकून बिनमधून बोल्ट काढत होता आणि पुढचा त्याच्यासाठी थांबत होता. तेवढंच लिहिलं, उपाय लिहिले नाहीत. "उपाय का नाही?" विचारलं. म्हटलं, त्याला विचारल्याशिवाय कसे लिहू.

१ फेब्रुवारीला रुजू. हातात १९,००० च्या आसपास, सहा महिने प्रोबेशन. ऑफरमध्ये दोन वर्षांचा बाँड होता. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो असं म्हणाले तेव्हा मी नम्रपणे नाही म्हटलं आणि साक्षांकित प्रती दिल्या. काही बिघडलं नाही. पीएफसाठी यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, पहिल्यांदाच निघाला, तिथेही आधारवरचं नावच चालतं, तेव्हा आधीची स्पेलिंगची दुरुस्ती कामी आली. कागलपर्यंत कंपनीची बस आहे, ती चुकली की एसटी आणि पुढे चालत.

कोल्हापुरात प्लॅनिंग करायचं तर पंचांग आणि शेती दोन्ही टेबलावर ठेवावी लागतात. एप्रिलमध्ये जोतिबाची यात्रा, जुलैत भाताची रोप लावण, पुढे ऊस तोडायला आला की पाळी-पाळीने दांड्या. वरच्या साहेबांना ही 'गैरहजेरीची समस्या' वाटते, मला ते वेळापत्रक वाटतं, आधी माहीत असलेलं. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले आणि करवीर, शिरोळकडची माणसं अडकली. मी मे महिन्यात प्रत्येक लाइनचा स्किल मॅट्रिक्स लावून घेतला होता. कुणाला कोणतं स्टेशन कितपत येतं, चार खणांचा चौकोन, जितकं येतं तितके खण काळे. त्यावरून उरलेल्या माणसांत दोन लाइन चालवल्या, तिसरी सरळ बंद ठेवली. तिन्ही अर्धवट चालवल्या असत्या तर एकही ट्रक भरला नसता, हे सुपरवायझरना पटवताना घसा बसला.

ऑगस्टमध्ये प्रोबेशन संपायला हवं होतं. ते दोन महिने वाढलं, कारण अकाउंट्सने माझ्या प्रोजेक्टची बचत मान्य केली नव्हती. मी लिहिलं होतं, एका नगामागे ४० सेकंद वाचले, गुणिले महिन्याचे नग, गुणिले तासाचा दर, इतके लाख. अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "माणूस तोच, पगार तोच, मग लाख कुठं आहेत मला दाखवा." त्यांचं म्हणणं रास्त होतं. वाचलेली मिनिटं जास्त नग विकून, ओव्हरटाइम कमी होऊन किंवा नवं मशीन न घेता दिसली तरच ते रुपये. मग मी ओव्हरटाइमची रजिस्टरं काढून बसले आणि सप्टेंबरमध्ये खूपच छोटा, पण त्यांची सही असलेला आकडा दिला. प्रोबेशनमध्ये असाल तर पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सच्या माणसाला विचारा, बचत म्हणून तुम्ही काय धरता.

ऑक्टोबरच्या मध्यावर पत्र आलं. पगारात २,६०० ची वाढ. माझ्याबरोबर आयटीत गेलेल्यांपेक्षा अजूनही कमी आहे, आणि पुढची काही वर्षं कमीच राहील असं दिसतं. पुढे रस्ते तीन दिसतात: याच कामात प्लँट पातळीवर जाणं, कॉस्टिंगकडे वळणं, किंवा प्रॉडक्शनची जबाबदारी घेणं. तिसऱ्यात पैसा लवकर वाढतो, पण शिफ्टचे फोन रात्रीही येतात. मी तूर्त पहिल्यावर आहे.

इथला युनियनबरोबरचा करार मार्चमध्ये संपतोय. नॉर्म्सच्या बैठकांसाठी मॅनेजमेंटने माझ्या शीट्स मागितल्या, त्याच आठवड्यात युनियननेही मागितल्या. दोघांना एकच फाइल दिली आहे. जानेवारीपासून त्या बैठका सुरू होतील, तेव्हा ज्यांना मोस्टच्या नोट्स किंवा त्या एक पानाच्या प्रस्तावाचा नमुना हवा असेल त्यांनी डिसेंबरच्या आत मागून घ्या. नंतर मला वेळ नसणार.